लॅपटॉपमधलं दुसरं बोट

शालूताईंच्या लॅपटॉपमध्ये खुशालभाऊंचं बोट मीच घातलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्यावरून घडलं, आणि ते सांगताना मला स्वतःला बाजूला ठेवता येणार नाही.

२०१८चा उन्हाळा होता. आदल्या हंगामात बोंडअळीने वऱ्हाडातली कपाशी खाल्ली होती. अकोल्यातल्या एका लहानशा संस्थेत मी कॉम्प्युटरचं काम बघायचो. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर शेतकरी बायकांचं पुढे काय होतं, शेत कोण कसतं, सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागतं की नाही, याचा अभ्यास संस्थेने हाती घेतला होता. पाच तालुक्यांत पाच कार्यकर्त्या नेमल्या. पातूर तालुका शालूताईंकडे आला.

शालूताई तेव्हा अडतीस वर्षांच्या. गाव पातूरपासून नऊ किलोमीटर. नवव्या वर्षापासून त्यांनी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला, तो थेट पस्तिशीपर्यंत. बारावीची परीक्षा त्यांनी मुलगी शाळेत जायला लागल्यावर दिली. बचत गटाच्या सचिव झाल्या, तिथून आमच्या संस्थेत आल्या. त्यांचं अक्षर मोठं आणि सुटं होतं. बोलणं कमी.

बायांना बोलतं करण्याची त्यांची एक पद्धत होती. बाकीच्या चौघी प्रश्नांचा कागद काढून बसायच्या. शालूताई अंगणात जाऊन जे काम चाललं असेल त्याला हात लावायच्या. तुरी निवडणं असो, गोधडीला टाके घालणं असो. अर्ध्या तासाने ती बाई आपणहून बोलायला लागायची. मग त्या विचारायच्या, "हे लिऊन घेऊ काय?" हो म्हटलं तरच लिहायच्या.

संस्थेने या बायांना एक शब्द दिला होता. त्यांचं नाव, गाव आणि सांगितलेली हकीकत ज्या त्या कार्यकर्तीच्या लॅपटॉपमध्येच राहील. ऑफिसला फक्त क्रमांक आणि आकडे येतील. हा नियम स्वतः खुशालभाऊंनी केला होता. ते आमच्या अभ्यासाचे प्रमुख. पन्नाशी ओलांडलेली, पाणलोटाच्या कामात गावोगाव हिंडलेला माणूस. जिल्ह्यात कुठेही गेले तरी त्यांना चहा पाजणारं एक घर सापडायचं.

नवे लॅपटॉप आले तेव्हा त्यांना बोट लावून उघडायची सोय होती. पाचही जणींना बोलावून मी एकेकीचं बोट भरून घ्यायला बसलो. आधी एक पिन ठेवावा लागतो, त्याशिवाय लॅपटॉप बोट घेत नाही. विसरायला नको म्हणून पाचही लॅपटॉपना मी एकच पिन ठेवला, संस्थेच्या स्थापनेचं साल. मग बोट वाचकावर टेकवायचं, उचलायचं, पुन्हा टेकवायचं. पडद्यावरचं ठशाचं चित्र थोडं थोडं भरत जातं. चौघींचं दहा मिनिटांत झालं.

शालूताईंचं होईना. उजव्या हाताची तर्जनी लावली, चित्र पाव भरलं आणि थांबलं. अंगठा लावला, तेच. मी त्यांचा हात उजेडात धरून पाहिला. बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती आणि त्यांवर बारीक आडव्या चिरा होत्या. सुकलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. पंचवीस वर्षं ती त्यांच्या बोटांना लागत होती.

"मी हात धुऊन येतो," त्या म्हणाल्या आणि मागच्या नळावर गेल्या.

तेवढ्यात खुशालभाऊ आले. काय अडलंय ते मी सांगितलं.

"मंग मायं बोट टाकून दे त्याच्यात," ते म्हणाले. "तिचं नाई लागलं तं मी उघडून देईन. काम खोयंबू नये."

त्यांचं बोट अर्ध्या मिनिटात भरलं. ते आपल्या खोलीत गेले. शालूताई पदराला हात पुसत आल्या. आम्ही एकामागून एक बोट लावून पाहत गेलो, आणि डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट त्याने घेतलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी लॅपटॉप तीन वेळा बंद करून तीन वेळा उघडला. खुशालभाऊंचं बोटही आत आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

जूनमध्ये शालूताई मैनाकडे गेल्या. मैना शेजारच्या गावची, बत्तीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला होता. सहा एकर शेत अजून मेलेल्या सासऱ्याच्याच नावावर होतं आणि मोठा दीर देवराव ते एकटा कसत होता. मैनाला तो वर्षाचं धान्य द्यायचा. पण सासऱ्याने मरण्याआधी स्टॅम्प पेपरवर दोन मुलांची वाटणी लिहून ठेवली होती, आणि विहिरीकडचे तीन एकर मैनाच्या नवऱ्याला दिले होते. कागदाची नोंदणी झालेली नव्हती. तो कधीच हरवला, अशी देवरावाची समजूत होती. कागद होता मैनाच्या आईच्या पेटीत, बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यात.

"दिवाईनंतर मी तलाठ्याकडं अर्ज देनार हाये," मैनाने सांगितलं. "तवरोक कोनाले कयू देनार नाई. तुले पयल्यांदाच सांगून राहिली."

शालूताईंनी हे सगळं लिहून घेतलं. मैनाने हो म्हटलं होतं.

दर शनिवारी कार्यकर्त्या अकोल्याला बैठकीला यायच्या. खेड्यात विजेचा भरवसा नसल्याने लॅपटॉप ऑफिसात चार्जिंगला लावून त्या बाजारात जायच्या. त्यातल्याच एका शनिवारी मी खुशालभाऊंना शालूताईंच्या टेबलाशी बसलेलं पाहिलं. समोर त्यांचा लॅपटॉप उघडा. चष्मा कपाळावर सारून ते वाचत होते. मी त्यांच्या बाजूने गेलो आणि कपाटातून कागदाचं बंडल घेऊन परत आलो. साहेब आहेत, बघत असतील, असं मनात म्हणालो.

नऊ दिवसांनी देवराव मैनाच्या माहेरी गेला. तिच्या आईला म्हणाला, "मैनानं वाटनीचा कागद मांगतला. तलाठ्याले द्याचा हाये." म्हातारीने पेटी उघडून कागद त्याच्या हातात दिला. वर त्याला जेवू घातलं.

मैनाला हे चार दिवसांनी कळलं. ती चालत शालूताईंच्या गावी आली. घरात आली नाही, अंगणातच उभी राहिली.

"मी तुले सांगतलं आन् देवरावले कयलं," ती म्हणाली. "मधात कोन हाये?"

"मी कोनालेच सांगतलं नाई व मैना. पोरीचीबी आन घेतो."

"मंग तुया मशीननं सांगतलं असंल," मैना म्हणाली आणि आली तशी गेली.

मैनाने ते रागाने म्हटलं होतं. शालूताईंनी ते खरं धरून विचार केला. त्यांनी घरातही कोणाला सांगितलं नव्हतं. कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. हकीकत होती ती फक्त लॅपटॉपमध्ये. पुढच्या शनिवारी त्यांनी ऑफिसात सगळ्यांदेखत विचारलं, "माया लॅपटॉप कोनी उघडला व्हता काय?" खुशालभाऊ त्या दिवशी अमरावतीला गेले होते. मी तिथेच होतो. मी कीबोर्डवरची धूळ झटकत राहिलो.

ऑफिसात उत्तर मिळणार नाही, हे त्यांनी ओळखलं असावं. लॅपटॉप पिशवीत घालून त्या मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात गेल्या. तिथे शाइस्ता नावाच्या एका मुलीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिने पॉलिटेक्निक केलं होतं, आणि बचत गटाचा प्रिंटर शालूताई तिच्याकडूनच दुरुस्त करून न्यायच्या. तिथे काय झालं ते त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं.

"याचा पिन कोनी ठेवला?" शाइस्ताने विचारलं.

"ऑफिसानं. समद्यायचा एकच हाये."

"मंग तो कायचा पिन, ताई? पानपोई झाली ते. येनारा-जानारा पानी पिऊन जाईन. आन् बोट किती जनायचे हायेत?"

"एकच. मायं."

"पक्कं?"

शाइस्ताने सेटिंग उघडून दाखवलं. बोटाच्या सोयीखाली दोनच बटणं होती. एक आणखी बोट जोडायचं, एक काढून टाकायचं.

"आतमंदी किती बोटं हायेत, कोनाचे हायेत, हे हा सांगतच नाई," ती म्हणाली.

"मंग मले कसं समजीन?"

"याच्याकडून नाई समजनार. पन काढता येते. एक-एक नाई निघत. काढले तं सगळेच निघतात. मंग फकत तुमचं परत घेऊ. दुसऱ्या कोनाचं असंल तं तो आपोआप बाहीर राहीन."

"काढ," शालूताई म्हणाल्या.

एका क्लिकमध्ये बोटं निघाली. मग शाइस्ता म्हणाली की बोट हे एक दार झालं, पिन दुसरं आणि पासवर्ड तिसरं. एकच दार लावलं तर काही उपयोग नाही. तिन्ही बदला. जन्मतारीख ठेवू नका, पोरीची तर अजिबात नको. एवढं सांगून तिने लॅपटॉप शालूताईंपुढे सरकवला, खुर्ची फिरवली आणि तोंड रस्त्याकडे करून बसली. नवा पिन टाकून होईपर्यंत ती वळली नाही.

"इतके दिवस त्या मशीनवर मी कायबी टाको, कोनी ना कोनी पायतच राहे," शालूताई मला म्हणाल्या. "ते पोरगी पयली, जे पाठ करून बसली."

बोट घेताना पुन्हा तीच अडचण. शाइस्ताने टेबलाच्या खणातून ग्लिसरिनची बाटली काढली, दोन थेंब चोळायला लावले आणि मग हात पुसायला सांगितलं. "माया अम्मीचंबी असंच हाये. जिंदगीभर रजया शिवल्या. राशनच्या मशीनवर तिचं बोट लागतच नाई." डाव्या हाताचं तेच बोट तिने दोनदा भरून घेतलं, एकदा सरळ आणि एकदा जरा तिरपं, म्हणजे कसंही पडलं तरी ओळखेल. मग दहा वेळा लावून पाहिलं. नऊ वेळा उघडलं.

पुढच्या शनिवारी बैठक संपल्यावर शालूताईंनी लॅपटॉप नेहमीसारखा चार्जिंगला लावला आणि बाजारात जाते म्हणून बाहेर पडल्या. पण त्या बाजारात गेल्या नाहीत. बाहेरच्या ओट्यावर बसून राहिल्या.

पंधरा मिनिटांनी खुशालभाऊंची हाक आली. "धम्मदीप, हे कावून उघडून नाई राहिलं रे?"

मी गेलो. त्यांचं बोट वाचकावर होतं. पडद्यावर आलं होतं की ठसा ओळखता आला नाही. त्यांनी संस्थेचं साल टाकलं. पिन चुकीचा. मी मागे वळलो तो दारात शालूताई उभ्या होत्या.

"ते आता माया बोटानंच उघडते, भाऊ," त्या म्हणाल्या. "काय पायजे व्हतं?"

"अहवाल पाहाचा होता."

"अहवाल तं सकाळीच कागदावर देल्ला."

खुशालभाऊंनी बोट काढून घेतलं. चष्मा उतरवला. एवढं मात्र सांगायला हवं, ते खोटं बोलले नाहीत.

"मैनाची हकीकत तुमी वाचली?" शालूताईंनी विचारलं.

"वाचली. देवरावले मी पंधरा वर्षांपासून ओळखतो. पाणलोटात होता माझ्यासंगं. त्याले म्हटलं, बापाचा कागद हाये म्हणतात तिच्या माहेरी, कोर्टकचेरी होऊ देऊ नको, तिचं तिले देऊन टाक. तो म्हणे, झाला होता तसा कागद. मले वाटलं, घरातल्या घरात मिटून जाईन."

"तुमाले वाटलं."

"हो."

"तिले इचारलं नाई. मले इचारलं नाई." मग त्या माझ्याकडे वळल्या. "बोट कोनं टाकलं याच्यात?"

खुशालभाऊ माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "मी."

"कवा?"

"तुमी हात धुवाले गेल्ता तवा."

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "मायं बोट लागावं म्हनून मी हात धुवाले गेल्ती," त्या म्हणाल्या.

आवाज चढवला नाही. वायर काढून गुंडाळली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि दोनच्या पातूर गाडीने गेल्या. त्या दिवशी खुशालभाऊ जेवले नाहीत. मी जेवलो.

सोमवारी मी त्यांच्या गावी गेलो. माफी मागायची होती. त्या निंदणाला गेल्या होत्या, शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच भेटल्या. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मले काय सांगतं? मैनाले सांग. आन् भाऊले संगं आन."

खुशालभाऊ आले. एका शब्दानेही त्यांनी नाही म्हटलं नाही. आम्ही तिघं मैनाच्या अंगणात उभे राहिलो. मी माझं सांगितलं, त्यांनी त्यांचं सांगितलं. शालूताई म्हणाल्या, "लॅपटॉप माया व्हता. कोनाचं बोट आत हाये हे मले मायीत पायजे व्हतं. ते मायी चूक."

मैनाने कोणाला पाणी विचारलं नाही. ती खुशालभाऊंना म्हणाली, "कागद आनून देता काय?"

ते तसेच देवरावाकडे गेले. देवरावाने त्यांना खाटेवर बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, "कोनता कागद, भाऊ?" त्यानंतर खुशालभाऊ त्याच्याकडे चारदा गेले. उत्तर तेच आलं.

दिवाळीची वाट न पाहता मैनाने ऑगस्टमध्येच वारस नोंदीचा अर्ज दिला. देवरावाने हरकत घेतली. मंडळ अधिकाऱ्यासमोर तारखा पडू लागल्या. कधी साहेब दौऱ्यावर, कधी देवराव आजारी, कधी निवडणुकीचं काम. शालूताई प्रत्येक तारखेला मैनासोबत गेल्या. सुरुवातीला मैना त्यांच्याशी बोलायची नाही. दोघी एकाच बाकावर मधे पिशवी ठेवून बसायच्या. तिसऱ्या तारखेला मैनाने भाकरीचा डबा उघडून पिशवीवर ठेवला.

त्याच दिवशी ती म्हणाली, "त्या मशीनमधून मले काढून टाक."

पुढच्या वेळी शालूताई लॅपटॉप घेऊन तिच्या घरी गेल्या. फाइल तिला वाचून दाखवली, मग तिच्यासमोर पुसली, कचऱ्याच्या टोपलीतूनही पुसली. ऑफिसच्या तक्त्यातली तिची ओळ मी रिकामी केली. छापलेल्या अहवालातही ती तशीच आहे. क्रमांक आहे, पुढे काही नाही. अमरावतीच्या एका प्राध्यापकांनी ती मुद्रणदोष समजून मला पत्र लिहिलं होतं.

खुशालभाऊंनी सुनावणीत लेखी जबाब दिला, की देवरावाशी मी या कागदाबद्दल बोललो होतो आणि असा कागद झाला होता हे त्याने माझ्यापुढे कबूल केलं होतं. देवरावाशी असलेले पंधरा वर्षांचे संबंध तिथे संपले. त्या गावात संस्थेला पुन्हा कोणी बैठक घेऊ दिली नाही.

निकाल २०१९च्या डिसेंबरमध्ये लागला. वारस म्हणून मैनाचं नाव सातबाऱ्यावर चढलं, सहा एकरांत अर्धा हिस्सा. पण कोणता अर्धा, हे त्या कागदातच होतं, आणि कागद पुढे आला नाही. मोजणीत विहीर देवरावाकडे गेली. मैनाच्या वाट्याला नाल्याकडचे, दगडगोट्यांचे तीन एकर आले. ती त्यात पावसाच्या भरवशावर तूर आणि सोयाबीन घेते. ओलिताचं शेत मिळालं असतं तर तिने काय काय केलं असतं, हे तिने त्या हकिकतीत सांगितलं होतं. ती हकीकत आता कुठेच नाही.

ऑफिसात कोणालाही शिक्षा झाली नाही. खुशालभाऊ शेवटपर्यंत प्रमुख राहिले. मी पाचही लॅपटॉपमधली बोटं काढली, पिन आणि पासवर्ड जिचे तिला ठेवायला सांगितले, आणि ते कसं करायचं हे मराठीत दोन पानांवर लिहून दिलं. त्या टाकत असताना मी खोलीबाहेर उभा राहायचो. एका कार्यकर्तीला हसू आलं. म्हणाली, "आमचं काय चोरन्यासारखं हाये एवढं?" शालूताई म्हणाल्या, "आपलं नसंल. आपल्याजोळ दुसऱ्याचं ठेवलं हाये."

लॉकडाऊन लागला तेव्हा अभ्यास संपलेलाच होता. संस्थेने लॅपटॉप कार्यकर्त्यांनाच देऊन टाकले. शालूताई आता पातूरला तहसीलजवळ एका टपरीत बसून अर्ज लिहून देतात. वारस नोंद, फेरफार, निराधारची पेन्शन. बाया दूरदूरच्या गावांहून येतात. बोलणं सुरू होण्याआधी त्या लॅपटॉप बंद करून बाजूला ठेवतात आणि ऐकून घेतात. लिहायची वेळ आली की मग उघडतात.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. दोन बाया बाकावर बसल्या होत्या, एक म्हातारी आणि एक तिची सून. कोणी पाठवलं, असं शालूताईंनी विचारलं.

"मैनाबाईनं," सून म्हणाली. "ते म्हने, तिच्यापाशी सांगजो, पन कागद कुठी ठेवला ते तिलेबी सांगू नको."

शालूताईंनी मान हलवली. "बरोबर सांगतलं तिनं," त्या म्हणाल्या आणि अर्जाचा कोरा कागद पुढे ओढला.